राज्याच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही आली की तो पक्का झाला का? (भूसंपादन: सिन्नर, दिंडोरी, निफाड)

द्राक्षपट्टा

भूसंपादनाचा विषय निघाला की आपल्याकडे तीन वाक्यं हमखास ऐकू येतात.

एक: "२०१३ चा केंद्राचा भूसंपादन कायदा आहे, त्यापुढे राज्याचा कायदा टिकतच नाही."
दोन: "राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी आहे, आता कोर्टात जाऊन काही उपयोग नाही."
तीन: "जमीन हा मूलभूत हक्क आहे, सरळ सुप्रीम कोर्टात जा."

तिन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. समृद्धी महामार्गाला सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यात थेट खरेदीत न मिळालेली जमीन राज्याच्या १९५५ च्या महामार्ग कायद्याने घेतली. सुरत-चेन्नई मार्गाची आखणी सुरगाणा, पेठ, दिंडोरी, नाशिक, निफाड, सिन्नर अशी, आणि तिथे केंद्राचा १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा. मग २०१३ चा कायदा नेमका कुठे लागतो? यात राज्यघटनेतले हक्क कुठे बसतात? आणि हरकत कोणत्या टप्प्यावर, कोणाकडे घ्यायची? कलमांसकट सांगितलंत तर बरं, "वकील गाठा" एवढंच नको.

कलम२५४

तिन्ही वाक्यं अर्धवट आहेत. कोणताही कायदा दोन वेगळ्या चाळण्यांतून जातो. या चाळण्या एक समजल्या की घोळ होतो.

पहिली चाळणी अधिकाराची: हा कायदा करायचा हक्क कोणाला? सातव्या अनुसूचीत तीन सूच्या आहेत. राष्ट्रीय महामार्ग संघसूचीत, नोंद २३. बाकीचे रस्ते राज्यसूचीत, नोंद १३. मालमत्तेचं संपादन समवर्ती सूचीत, नोंद ४२, म्हणजे संसद आणि विधिमंडळ दोघांनाही मोकळीक. दोघांनी कायदे केले आणि ते एकमेकांना छेदले तर अनुच्छेद २५४ लागतो. २५४(१) प्रमाणे केंद्राचा कायदा वरचढ, राज्याचा कायदा विसंगतीपुरता निरर्थक. २५४(२) प्रमाणे राज्याचा कायदा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवला आणि मंजुरी मिळाली, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. पण त्यालाच जोडलेलं परंतुक सांगतं की संसद नंतर नवा कायदा करून तोही मोडीत काढू शकते.

दुसरी चाळणी हक्कांची, अनुच्छेद १३: मूलभूत हक्क मोडणारा कायदा तेवढ्यापुरता रद्द. इथे कायदा केंद्राचा की राज्याचा हा प्रश्नच नाही. १३(३) मध्ये "कायदा" या शब्दात अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, अधिसूचना, कायद्याचं बळ असलेली रूढीसुद्धा येते. म्हणजे मंत्रालयातून निघालेली अधिसूचनाही याच चाळणीतून जाते.

राष्ट्रपतींची सही फक्त पहिल्या चाळणीची अडचण सोडवते. दुसरीशी तिचा काही संबंध नाही. तुमच्या दुसऱ्या वाक्यातली चूक ती हीच.

आता २०१३ चा कायदा. तो १ जानेवारी २०१४ पासून लागू. त्याच्या कलम १०५ आणि चौथ्या अनुसूचीनं १३ केंद्रीय कायदे आपल्या कक्षेबाहेर ठेवले, त्यात राष्ट्रीय महामार्ग कायदाही आहे. मात्र २८ ऑगस्ट २०१५ च्या केंद्राच्या आदेशानं मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी त्या तेरांनाही लागू केल्या. राज्याचा १९५५ चा कायदा चौथ्या अनुसूचीत नव्हताच, कारण ती यादी केंद्रीय कायद्यांची. म्हणून २०१८ मध्ये महाराष्ट्रानं २०१३ च्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून, राष्ट्रपतींची मंजुरी घेऊन, राज्याच्या काही कायद्यांना तशीच सूट देणारं कलम १०५अ घातलं. त्यात १९५५ चा महामार्ग कायदा आणि एमआयडीसीचा १९६१ चा कायदा हे दोन्ही आले. ही दुरुस्ती कशासाठी लागली ते पाहायचं तर तमिळनाडू बघा. तिथे मद्रास उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये राज्याचे असेच कायदे २०१३ च्या केंद्रीय कायद्यानंतर निष्प्रभ ठरवले. मग राज्यानं नवा कायदा करून पुन्हा मंजुरी आणली, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो टिकवला.

थोडक्यात पहिल्या वाक्याला उत्तर: राज्याचा कायदा टिकू शकतो, पण रीत पाळली असेल तरच.

पंचवटीकर

वरच्यात भर. मंजुरी "मिळाली" एवढं पुरत नाही, कशासाठी मिळाली तेही बघावं लागतं. याचा आधार म्हणजे कैसर-ए-हिंद विरुद्ध नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशन, २००२, आणि तो आपल्याच राज्यातला. मुंबई भाडे नियंत्रण कायद्याची मुदत राज्य सरकार वेळोवेळी वाढवत होतं, आणि मंजुरीही घेत होतं. पण केंद्राच्या १९७१ च्या सार्वजनिक जागा निष्कासन कायद्याशी असलेली विसंगती राष्ट्रपतींपुढे मांडलीच नव्हती. न्यायालयानं सांगितलं, ज्या केंद्रीय कायद्याशी विसंगती दाखवून मंजुरी मागितली, तेवढ्यापुरतीच ती मंजुरी चालते.

म्हणून राज्याच्या कायद्याला २५४ खाली आव्हान द्यायचं असेल तर पहिलं काम माहितीच्या अधिकारातला अर्ज: विधी व न्याय विभागाकडून राष्ट्रपतींना पाठवलेल्या पत्राची आणि सोबतच्या टिपणीची प्रत. टिपणीत २०१३ च्या कायद्याचं नाव नसेल तर मुद्दा उभा राहतो. असेल तर त्या मुद्द्यावर वेळ घालवू नका.

गंगाघाट

मग सोपं आहे की. जमीन हा हक्क, तो मोडला तर अनुच्छेद ३२, थेट दिल्ली.

कलम२५४

नाही भाऊ. मालमत्तेचा मूलभूत हक्क ४४ व्या घटनादुरुस्तीनं काढला. ती १९७८ ची, अंमल २० जून १९७९ पासून. आता आहे तो अनुच्छेद ३००अ: कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. हा घटनात्मक हक्क आहे, मूलभूत नाही. आणि ३२ फक्त घटनेच्या तिसऱ्या भागातल्या, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी. ३००अ साठी दार उच्च न्यायालयाचं, अनुच्छेद २२६, कारण त्यात "इतर कोणत्याही प्रयोजनासाठी" असे शब्द आहेत.

पण ३००अ ला कमी लेखू नका. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं त्याचे सात पोटहक्क मोजून सांगितले: नोटीस, सुनावणी, कारणांसह निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, रास्त मोबदला, प्रक्रिया वेळेत आणि नीट चालवणं, आणि शेवटी संपादन पूर्ण करून ताबा. हरकतीचा अर्ज या सात मुद्द्यांवर बेतला तर तो नुसता "आमचा विरोध आहे" असा राहत नाही.

शिवाय अनुच्छेद ३१अ चं दुसरं परंतुक आजही जिवंत आहे. कमाल धारणेच्या आतली, स्वतः कसत असलेली जमीन घेताना बाजारभावापेक्षा कमी मोबदला देता येत नाही.

आणि मूलभूत हक्क भूसंपादनात अजिबात येत नाहीत असंही नाही. येतो तो अनुच्छेद १४, समानता. त्याखाली राज्याचा कायदाही पडलाय आणि केंद्राचाही. नागपूर सुधार प्रन्यास विरुद्ध विठ्ठल राव या खटल्यात सात न्यायाधीशांनी सांगितलं, जमीन एका कायद्यानं घेतली तर जास्त पैसे, दुसऱ्यानं घेतली तर कमी, असा भेद चालणार नाही, कारण मालकाच्या दृष्टीनं फरक काहीच नाही. तो राज्याचा १९३६ चा कायदा होता. त्याच तर्कानं १९ सप्टेंबर २०१९ ला तरसेम सिंग प्रकरणात राष्ट्रीय महामार्ग कायद्याचं कलम ३ज, दिलासा रक्कम (सक्तीनं जमीन घेतल्याबद्दल मोबदल्यावर मिळणारी जादा रक्कम) आणि व्याज नाकारण्यापुरतं, घटनाबाह्य ठरलं. कलम संसदेनंच घातलेलं होतं. ४ फेब्रुवारी २०२५ ला महामार्ग प्राधिकरणानं "हे फक्त पुढच्या प्रकरणांना लावा" अशी केलेली विनंतीही फेटाळली गेली.

सातबारा_आठअ

आता व्यवहाराचं. सगळ्यात आधी नोटिशीची पहिली ओळ वाचा. "अमुक अधिनियमाच्या कलम अमुकनुसार" हे तिथे लिहिलेलं असतं. पुढचा सगळा रस्ता त्यावर ठरतो. चुकीच्या कायद्याखाली हरकत टाकून मुदत घालवणं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

राष्ट्रीय महामार्ग कायद्याचा क्रम असा. कलम ३अ ची अधिसूचना (संपादनाचा इरादा). ती प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत कलम ३क खाली लेखी हरकत, सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे सहसा भूसंपादनाचे उपजिल्हाधिकारी किंवा प्रांत. मग ३ड ची घोषणा. ती निघाली की जमीन केंद्र सरकारची झाली, सातबारा तुमच्या नावावर असला तरी. ३अ नंतर एका वर्षात ३ड निघाली नाही तर ३अ आपोआप रद्द होते, पण न्यायालयाच्या स्थगितीचे दिवस त्यातून वजा धरतात. पुढे ३ग खाली निवाडा, म्हणजे मोबदल्याचा निर्णय. तो मान्य नसेल तर ३ग(५) खाली केंद्रानं नेमलेल्या लवादाकडे, बहुधा जिल्हाधिकारी किंवा विभागीय आयुक्त. लवादाचा निवाडाही पटला नाही तर लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली जिल्हा न्यायालयात, ३ महिन्यांत. फार तर ३० दिवस वाढून मिळतात, त्यानंतर एक दिवसही नाही.

३क च्या हरकतीत लोक भावाबद्दल लिहितात. तिथे भावाचा प्रश्नच नसतो, त्यामुळे तेवढा भाग एका ओळीत निकाली निघतो. तिथे लिहायचं ते हे: गट नंबर किंवा क्षेत्र चुकलंय, संयुक्त मोजणीची खूण आणि अधिसूचनेतलं क्षेत्र जुळत नाही, बाग किंवा विहीर वाचेल असा पर्याय आहे (नकाशासह), उरलेल्या तुकड्याला वाट राहत नाही, पाटाचं पाणी तुटतं. आणि शेवटी "समक्ष सुनावणी मिळावी" हे स्पष्ट लिहा. पोच घ्या, तारखेचा शिक्का बघा.

पैशाचं गणित २०१३ च्या पहिल्या अनुसूचीनुसार. बाजारभाव ठरवताना रेडिरेकनर (मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी दर) आणि मागच्या ३ वर्षांतल्या आसपासच्या खरेदीखतांपैकी जास्त किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी, यांतला जो मोठा तो. त्याला गुणक (ज्या आकड्यानं बाजारभाव गुणायचा तो), ग्रामीण भागात १ ते २. त्यात बाग, मांडव, विहीर, शेततळं यांचं मूल्य मिळवा. येणाऱ्या बेरजेवर १०० टक्के दिलासा रक्कम.

समजा बाजारभाव ४० लाख, बाग आणि विहीर मिळून २० लाख. गुणक २ असेल तर ८० अधिक २० म्हणजे १००, दिलासा १००, एकूण २ कोटी. गुणक १ असेल तर ६०, दिलासा ६०, एकूण १ कोटी २० लाख. एका आकड्यानं ८० लाखांचा फरक! शिवाय बाजारभावावर दरसाल १२ टक्के, म्हणजे इथे वर्षाला ४ लाख ८० हजार, वेगळे.

गंमत अशी की कायदा केंद्राचा, पण गुणक ठरवते राज्य सरकार, तेही नुसत्या अधिसूचनेनं. म्हणून तुमच्या ३अ च्या तारखेला कोणती अधिसूचना लागू होती ते राजपत्रातून काढून ठेवा. गुणकावरून कोर्टात जायचं तर आव्हान त्या अधिसूचनेला द्यावं लागतं. निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात गुणक बदलणं नसतं, त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही.

बागेचा पुरावा आधीच गोळा करा: ई-पीक पाहणीतली नोंद, ठिबकच्या अनुदानाची कागदपत्रं, निर्यात करत असाल तर बागेची नोंदणी, वेलींची संख्या आणि वय लिहिलेला मोजणीच्या दिवशीचा पंचनामा. सातबाऱ्यावर "जिरायत" असेल आणि जागेवर पाच वर्षांची बाग असेल, तर मोजणीच्या आधी तलाठ्याकडे दुरुस्तीचा अर्ज गेलेला हवा. निवाड्यानंतर ही दुरुस्ती कोणी विचारात घेत नाही.

पेठरोड

सुरगाणा, पेठ, कळवण हे तालुके पूर्ण, आणि दिंडोरी, इगतपुरी, नाशिक, बागलाण यांतली ठरावीक गावं घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात येतात (१९८५ चा राष्ट्रपतींचा आदेश). तिथे आणखी एक थर आहे, आणि बाहेरचे वकीलही तो विसरतात.

पाचव्या अनुसूचीच्या परिच्छेद ५ प्रमाणे राज्यपाल एका अधिसूचनेनं संसदेचा किंवा विधिमंडळाचा कायदा त्या क्षेत्राला लागू नाही, किंवा अमुक फेरबदलासह लागू, असं ठरवू शकतात. म्हणजे इथे केंद्राचा कायदासुद्धा राज्यपालांच्या अधिसूचनेनं बदललेला असू शकतो. २०२० मध्ये केंद्राच्या वनहक्क कायद्यात याच मार्गानं महाराष्ट्रात जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय समितीकडे अपिलाची सोय झाली. तेव्हा नुसती केंद्राची प्रत वाचून थांबू नका.

दुसरं, पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींबद्दलचा केंद्राचा १९९६ चा कायदा. कलम ४(झ) प्रमाणे भूसंपादनाआधी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी विचारविनिमय बंधनकारक. २०१३ च्या कायद्यातलं कलम ४१ याहून कडक, त्यात संमती लागते, पण राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या संपादनाला फक्त मोबदला-पुनर्वसनाचा भाग लागू असल्यानं ४१ ची ढाल तिथे मिळत नाही. पेसाची मिळते. ग्रामसभेचा ठराव घेतलाच नसेल, किंवा ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा ठराव "ग्रामसभा" म्हणून जोडला असेल, तर ते ३क च्या हरकतीत पहिल्या क्रमांकावर लिहा. ठरावाच्या वहीतल्या सह्या आणि गणपूर्ती दोन्ही तपासा.

पंचवटीकर

मूळ प्रश्नातल्या दुसऱ्या वाक्यावर जमिनीबाहेरचं एक उदाहरण देतो, कारण ते चटकन कळतं. १९४९ चा मुंबई राज्याचा बहिष्कृती (पंथातून बाहेर काढणं) प्रतिबंधक कायदा सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये रद्द केला. कारण अनुच्छेद २६(ब), धार्मिक पंथाचा आपला कारभार पाहण्याचा हक्क. केंद्राच्या कुठल्या कायद्याशी भांडण नव्हतं, पहिली चाळणी तो पार झाला होता, पडला दुसऱ्यात. पुढे महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला, राष्ट्रपतींची मंजुरी घेतली, जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तरी बहिष्कृती आणि २६(ब) हा जुना वाद फेब्रुवारी २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाच्या विचारार्थ पाठवला गेला. मंजुरी असूनही हक्कांचा प्रश्न खुला राहतो तो असा.

आणि उलट दिशेनंही एक मर्यादा आहे. अनुच्छेद ३५ प्रमाणे तिसऱ्या भागात गुन्हा ठरवलेल्या कृत्याला, उदाहरणार्थ अनुच्छेद १७ खालच्या अस्पृश्यतेला, शिक्षा ठरवण्याचा अधिकार फक्त संसदेला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा. पुढे मुंबई राज्यानं मंदिरप्रवेशाचे कायदे केले, पण घटनेनंतर अस्पृश्यतेच्या गुन्ह्याची शिक्षा आली ती केंद्राच्या १९५५ च्या कायद्यातून. इथे सूची आणि समवर्ती वगैरे काही नाहीच.

द्राक्षपट्टा

खूप उलगडलं. दोन शंका राहिल्या. निवाड्याचा धनादेश घेतला तर पुढे भांडता येतं का? आणि कलम घटनाबाह्य आहे असं लवादापुढे किंवा जिल्हा न्यायालयात म्हणता येतं का?

सातबारा_आठअ

पैसे २०१३ च्या कायद्याखाली घेत असाल तर पावतीवर "हक्क राखून, निषेधासह स्वीकारले" असं लिहाच. कलम ७७(२) प्रमाणे निषेध न नोंदवता रक्कम घेतली की कलम ६४ चा वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. त्या अर्जाची मुदत, निवाड्याच्या वेळी हजर असाल तर ६ आठवडे. नसाल तर जिल्हाधिकाऱ्यांची नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यांतलं जे आधी संपेल ते. महामार्ग कायद्याखालीही हीच ओळ लिहावी, नुकसान काही नाही. एक सावधगिरी: "थेट खरेदी" म्हणजे संपादन नव्हे. ते खरेदीखत आहे. त्यात २५ टक्के जादा मिळतात, पण सही केल्यावर वाढीव मोबदल्याचा मार्ग बंद. खतातली संमतीची कलमं घरी नेऊन वाचा.

कलम२५४

दुसऱ्या शंकेचं. लवादाला कायदा रद्द करता येत नाही, तो आकडा बघतो. जिल्हा न्यायालयालाही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११३ च्या परंतुकानं त्यांना तो प्रश्न उच्च न्यायालयाकडे पाठवावा लागतो. व्यवहारात सरळ उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका होते. नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाखाली येतो, औरंगाबाद खंडपीठाखाली नाही. शेजारचा नगर, धुळे, जळगाव तिकडे जातो, म्हणून हा गोंधळ नेहमी होतो.

कायद्याच्या वैधतेला आव्हान असेल तर नोटीस कोणाला हेही कायदा कोणाचा यावर ठरतं: केंद्राचा असेल तर ॲटर्नी जनरल, राज्याचा असेल तर महाधिवक्ता. ही नोटीस राहिली की पहिल्या तारखेला फक्त पुढची तारीख मिळते.

फक्त रक्कम कमी आहे म्हणून रिट केलीत तर "लवादाकडे जा" म्हणून परत पाठवतील. रिटसाठी मुद्दा अधिकाराचा किंवा प्रक्रियेचा हवा: मंजुरी नाही, सुनावणी दिली नाही, ग्रामसभा झाली नाही, ३अ चं वर्ष उलटलं. आणि ती ३ड च्या आधी हवी. ताबा जाऊन रस्त्याची खडी पडल्यावर न्यायालय फार तर मोबदल्यात वाढ देतं, जमीन परत मिळणं जवळपास अशक्य.

नोटिशीचं पाकीट फेकू नका. पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख बऱ्याचदा मुदतीच्या वादात एकमेव पुरावा ठरते.